शून्य जोखमीची धुलाई

कपडे धुण्याच्या कंपनीत नवी संगणक-प्रणाली आणण्याआधी जोखीम कमी करावी, असे मालकांच्या मनाने घेतले आणि ते काम त्यांनी व्यवस्थापक असलेल्या जावयाच्या गळ्यात बांधले. जमले तर मालकाची खुर्ची, फसले तर पुन्हा इस्त्रीखाते. जावईबापूंना वाफ सोसत नसे. त्यांनी लगोलग सल्लागार नेमला.

"सर्व्हरच्या खोलीत ओल आहे," सल्लागार म्हणाला.

सर्व्हर सर्वांत कोरड्या जागी, म्हणजे कपडे वाळवायच्या भट्टीशेजारी हलवण्यात आला. तिथे तो तापू लागला. तेव्हा उष्णतेची जोखीम टाळण्यासाठी तो कामाच्या वेळेत बंद ठेवायचे ठरले. राहता राहिली माहिती.

"गिऱ्हाइकांची नावं कशाला साठवता? चोरीला गेली तर?"

"पण कुठला कपडा कुणाचा, हे कळणार कसं?"

"आपल्याला कळलं की चोरालाही कळतं."

हे बिनतोड होते. जावईबापूंनी प्रणालीतली नावे पुसली आणि कपड्यांवरच्या चिठ्ठ्याही, शेवटी तीही माहितीच, म्हणून काढून टाकल्या. चोरण्यासारखे काही उरलेच नाही. व्यापारी संघाने 'शून्य जोखीम' पुरस्कार जाहीर केला. सासरे इतके हरखले, की समारंभासाठी त्यांनी आपला लग्नातला कोट आपल्याच कंपनीत धुवायला टाकला.

समारंभाच्या दिवशी जावईबापू सासऱ्यांचा कोट आणायला गेले. समोर काळ्या कोटांची रांग लटकत होती, एकूण एक धुतल्या तांदळासारखा. त्यांनी देवाचे नाव घेऊन एक उचलला.

बाह्या सासऱ्यांच्या बोटांपुढे गेल्या.

"जावईबापू, हा माझा कोट आहे?"

"मामा, ते सांगणं धोरणात बसत नाही."

मंचावर संघाचे अध्यक्ष श्वास रोखून उभे होते, कारण त्यांच्या कोटाची गुंडी आता सुटते की मग सुटते अशी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांनाही आपापला कोट ओळखू आला. पण सभागृह टाळ्या वाजवत होते, मग तेही हसले आणि पुरस्काराची ढाल मध्ये धरून त्यांनी फोटो काढून घेतला.

खाली उतरल्यावर सासरे बाही कुरवाळत म्हणाले, "कापड याचंच भारी आहे हो. खुर्ची तुमची."

तेव्हापासून कंपनी जोरात आहे. तक्रारदाराला 'आपण आमचे गिऱ्हाईक असल्याची नोंद नाही' असे नम्रपणे कळवले जाते. तशा तक्रारी फारशा येतही नाहीत. आता तुमच्या अंगातला शर्टच बघा. तुम्ही धुवायला टाकला होता त्यापेक्षा तो बराच नवा आहे, आणि तुम्ही अजून कुणाजवळ चकार शब्द काढलेला नाही.