बिनचष्म्याचा शिपाई

इंदापूरला साडूची म्हैस बघायला गेलेले दादासाहेब म्हैस न बघताच पिंपळीला परत आले, आणि येताना शिपाई होऊन आले.

झालं असं, की एसटी स्टँडजवळच्या मैदानात दहा-बारा माणसं धोतरं खोचून, हातात लाकडी तलवारी घेऊन उभी दिसली. दादासाहेबांना वाटलं नाटकाची तालीम असेल. पण त्यांचे पुढारी बुद्धघोष सर (हे हायस्कुलात इतिहास शिकवत) म्हणाले, "नाटक नव्हे. तीनशे वर्षांपूर्वी शिपायांची छावणी कशी असेल, ती एक दिवस उभी करायची. तोच पोशाख, तेच जेवण, तीच हत्यारं."

दादासाहेब बारामतीच्या एका सूतगिरणीत टाइमकीपर होते. पंधरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या होत्या. तीनशे वर्षांपूर्वीचा शिपाई कामावर किती वाजता यायचा आणि उशीर झाला तर त्याचा खाडा कोण मांडायचं, हे त्यांना एकाएकी जाणून घ्यावंसं वाटलं. बोलता बोलता, आपले वडील सोनबा एके काळी मेंढरं राखायचे, हेही ते सांगून बसले.

सरांचे डोळे चमकले. "मग गोफण येत असेल तुम्हाला."

"येती की," दादासाहेब म्हणाले. (गोफण घरात होती, खुंटीला टांगलेली. त्या अर्थानं येत होती.)

"उत्तम. तुम्ही आमचे गोफणवाले. पुढच्या रविवारी तुमच्याकडे येतो, नेम बघायला. आणि एक, त्या काळी आपल्याकडच्या शिपायाला चष्मा नव्हता."

दादासाहेबांचा चष्मा सोड्याच्या बाटलीच्या बुडाइतका जाड होता.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, म्हणजे फुलाबाईला, सगळं सांगितलं. "आजपासनं बटाटा न्हाय, टमाटा न्हाय, च्या न्हाय. तवा ह्यातलं काय बी नव्हतं."

फुलाबाईनं भाकरी थापता थापता विचारलं, "मग खायाचं काय?"

"भाकरी, कांदा."

"ते तर आपून रोजच खातो. त्यापायी शिपाई कशाला व्हायला पायजे?"

आठवडाभर दादासाहेबांचं डोकं दुखत राहिलं. त्याला सुटलेला चहा कारणीभूत होता, पण ते कामावर सांगत, "जबाबदारी आलीया."

रविवार उजाडला. सर यायच्या आधी हात साफ करावा म्हणून दादासाहेबांनी घरामागच्या बाभळीच्या बेचक्यात पत्र्याचं टमरेल ठेवलं, वीस पावलं मोजली आणि चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात घातला. त्याबरोबर टमरेल गेलं, बाभळ गेली आणि उरला नुसता हिरवा धूर. बाजेवर बसलेले सोनबा आबा उठले आणि बाज उचलून भिंतीआड घेऊन गेले.

"आबा, कुठं चालला?"

"हितंच हाय. तू चालू दे."

गोफणीत दगड घालून ती डोक्याभोवती फिरवायची आणि नेमक्या घटकेला एक पदर सोडायचा, एवढंच तंत्र असतं. दादासाहेबांनी पदर सोडला. घटका तेवढी चुकली. दगड पुढं जायच्या ऐवजी मागं गेला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरला आणि पाण्याच्या रांजणावर बसला. रांजणाशेजारी कालच दळून आणलेल्या ज्वारीच्या पिठाचा डबा उघडा होता.

फुलाबाई दारात आली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ ओला होता आणि कोपरापर्यंत पीठ होतं. तेवढ्यात बुद्धघोष सरांची लूना अंगणात येऊन थांबली.

"नेम कसा आहे?" सरांनी विचारलं.

"लई लांबचा हाय," फुलाबाई म्हणाली. "टमरेल म्होरं, रांजण मागं. ह्यांनी मागचा फोडला."

दादासाहेबांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. छावणीत त्यांना जागा होती ती गोफणवाल्याचीच. आता सर लूना वळवणार, आणि पंधरा वर्षांच्या हजेरीबुकाबाहेरचं जे एक काम त्यांना सापडलं होतं तेही जाणार.

"आणा हिकडं," फुलाबाई म्हणाली.

तिनं गोफण हातात घेतली, एक गोटा उचलला, दोनदा गरगर फिरवून सोडला. टण्ण झालं. दादासाहेबांनी घाईघाईनं चष्मा लावला. टमरेल नव्हतं. सर धावत जाऊन ते परत ठेवून आले. परत टण्ण झालं.

"कुठं शिकलात?"

"बापाच्या रानात. ज्वारीवर पाखरं यायची. चार खांबांच्या उंच माळ्यावर उभं ऱ्हाऊन दिसभर हाणायची."

"तू कधी बोलली न्हाईस," दादासाहेब म्हणाले. सोळा वर्षांचा संसार झाला होता.

"तुमी कधी इचारलं?" ती म्हणाली, आणि सरांकडं वळली. "मास्तर, त्या छावणीत बाया हुत्या का?"

"तशी नोंद मला सापडलेली नाही."

"नोंद न्हाय, का बायाच न्हाय?"

सरांनी खिशातून डायरी काढून तो प्रश्न लिहून घेतला. "शोधावं लागेल," ते म्हणाले. "तोवर तुम्ही या."

दादासाहेबांना आधी राग आला. मग त्या रागाच्या मागून कुतूहल आलं. संध्याकाळपर्यंत ते बायकोला विचारत बसले होते, कोणतं पाखरू आधी यायचं, गोटे कुठून आणायची, हात दुखायचा का. ती फुटक्या खापऱ्या गोळा करत सांगत होती.

छावणीच्या दिवशी इंदापूरच्या माळावर पाचशे माणूस जमला. फुलाबाई उंचवट्यावर पहाऱ्याला होती. दादासाहेबांनाही सरांनी काम दिलं होतं, चष्मा न लागणारं: पहिल्याच हल्ल्यात मरायचं आणि शेवटपर्यंत हलायचं नाही. ते मेले, आणि चांगले मेले. कानात मुंगी गेली तरी हलले नाहीत.

तेवढ्यात प्रेक्षकांतल्या एक आजी, प्रयागबाई, पाण्याचा तांब्या घेऊन थेट रणांगणात आल्या. "अगं बया, ह्यो खरंच गेला की काय? हालंना झालाय," म्हणत त्या दादासाहेबांच्या तोंडावर पाणी मारू लागल्या. पाचशे माणूस चिडीचूप झाला.

उंचवट्यावरून फुलाबाईचा आवाज आला. "ऱ्हाऊ द्या मावशी. घरी बी ह्ये असंच पडल्याले असत्यात. जेवायला हाक मारली की उठत्यात."

सगळा माळ हसला. दादासाहेबांना काही उत्तर देता आलं नाही. ते मेलेले होते.