हात धरायचा नाही, सोडायचाही नाही

मी लाल रुमाल वर केला तेव्हा सोपाननानांचा पाय हलला नव्हता.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर नानांच्या गमती सांगता सांगता मी ही गोष्ट शेवटी विसरल्यासारखं करीन. तेरा महिने मी तेच करत होतो. गावाशेजारच्या वाडीला मी हे पारावर उभा राहून सांगितलं आहे. आता लिहूनही ठेवतो.

सोपाननाना आमच्या फाट्यावरच्या सहकारी संघाच्या वजनकाट्यावर काटेवाले. गेवराईकडून तलवाड्याकडे जाताना उजव्या हाताला लोखंडी पत्र्याचा तो लांबरुंद चौथरा आणि त्याला चिकटून नानांची खोली. काटा ट्रकचा. तो वीस किलोच्या पायऱ्यांनी मोजायचा, मधलं काही त्याला दिसायचं नाही. त्यामुळे नानांच्या लेखी आमच्या भागात तीनच प्रकारची माणसं होती: चाळीस, साठ आणि ऐंशी. नावांपेक्षा हे आकडेच त्यांच्या तोंडी जास्त. मी दूध संस्थेचा सचिव, पण मला हाक यायची, "या साठ, बसा!" गावचा दत्ता पहिलवान ऐंशी. सरपंचांबद्दल विचारलं तर नाना म्हणायचे, "निवडून आले तवा साठ हुते. आता ऐंशी हायती. इकास झाला."

त्यांची दुसरी तऱ्हा त्याहून अवघड. कुणी भेटलं की नाना रामराम करत नसत. आपल्या मनगटाची मागची बाजू समोरच्याच्या मनगटाला टेकवून उभे राहत, डोळे अर्धे मिटून, वैद्याने नाडी बघावी तसे. मग निकाल देत. "वजन सगळं डाव्या टाचंवर हाय तुझं. घरी भांडून आलास." आणि वाईट हे, की ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

हे खूळ त्यांनी पुण्याहून आणलं. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी काट्यावर ना कापूस आला ना ऊस. संघानं नानांना घरी बसवलं. बायको त्याच्या आदल्या वर्षी गेली होती, एकुलती मुलगी सासरी. नाना उठले आणि पुण्याला एका मोठ्या वसाहतीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. तिथल्या बागेत एक निवृत्त मास्तर सकाळी म्हाताऱ्या मंडळींना चिनी पद्धतीचा संथ व्यायाम शिकवत. त्यातच एक प्रकार दोघांनी मिळून करायचा: समोरासमोर उभं राहून, हाताला हात लावून, एकमेकांना जागेवरून हलवायचं. मास्तरांना नियम सांगायची फार हौस, म्हणून त्यांच्यासमोर कुणी टिकेना. शेवटी त्यांनी गेटवरच्या वॉचमनला बोलावलं.

सात महिन्यांनी संघानं पुन्हा काट्यावर बोलावलं तेव्हा नाना परत आले ते एक पत्र्याची पेटी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही घेऊन. वहीत मास्तरांच्या अक्षरात या खेळाच्या स्पर्धेचे नियम. सतरा कलमं. खेळाचं नाव ताई ची. गावानं पहिल्याच दिवशी 'कुण्या ताईची?' हा विनोद करून घेतला, आणि नंतर सोपं म्हणून त्याला रेटारेटी म्हणू लागलं. नानांना ते लागायचं. "रेटारेटी यष्टीत आसती बे. ह्याला कायदा हाय."

कायदा असा. पाय रोवून उभं राहायचं. मनगटाला मनगट लावायचं. हात तीन वेळा गोल फिरवायचे, मग पंच 'हं' म्हणणार. गळ्याच्या वर हात नाही, कमरेच्या खाली नाही. मारायचं नाही, कपडे ओढायचे नाहीत. ज्याचा पाय जागचा हलला, तो गेला. आणि कलम तीन: समोरच्याचा हात धरायचा नाही, सोडायचाही नाही.

कलम तीन नानांनी साऱ्या जगाला लावलं. सासवा-सुनांना लावलं, भावकीला लावलं, माझ्या म्हशीला लावलं. "दावं आवळू नको, सोडू बी नको. कलम तीन." अठरावं कलम त्यांनी स्वतः जोडलं: खेळताना मागचं उकरून काढायचं नाही. "चिनी लोकान्ला भावकी नसंल," ते गंभीरपणे म्हणाले, "म्हून त्यांच्यात ह्ये न्हाई."

एकदा मी विचारलं, "नाना, कलम तीनचं एवढं कावून?"

नाना पत्र्यावर बसून बिडी पेटवत होते. म्हणाले, "सचिव, त्या गेटातनं दिवसभर माणूस आत-भाईर करायचं. मी दार उघडायचो, लावायचो. चार म्हैने मला माणसाचा हात लागला न्हवता. चहाचा कपबी वट्यावर ठिवून जायचे. मास्तरनं पयल्यांदा मनगट लावलं तवा मला कळंना, डोळ्याला पानी कावून येतंय." झुरका घेऊन ते हसले. "आन् तेवढ्यात ढकललं की बे त्यांनी! पार कुंडीत!"

मीही हसलो. कुंडीचंच लक्षात ठेवलं.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी पूर्ण आटलं. रोज सकाळी एक टँकर फाट्यावर यायचा, गाव आणि वाडी दोन्हींसाठी. तो आधी जिकडे वळेल त्यांना पोटभर, दुसऱ्यांना तळचं. त्यावरून रोज भांडणं. एका सकाळी घागरीनं डोकं फुटलं तेव्हा सरपंचांनी कपाळ धरलं, आणि नाना वही घेऊन पुढे झाले. "गावाचा एक, वाडीचा एक. काट्यावर उभे ऱ्हावा. ज्याचा पाय हालंल, त्याचा टँकर मागनं."

लोक आधी हसले. पण मारामारीला कंटाळले होते. नाना मुख्य पंच झाले. मला त्यांनी, पाय हलला की वर करायला, लाल रुमाल देऊन बाजूचा पंच केलं, कारण दुधाला माप घालणारा माणूस खोटं बोलणार नाही असा त्यांचा समज होता.

गावाकडून बहुधा दत्ता पहिलवान उतरायचा. वाडीकडून पहिल्या दिवशी कुणीच पुढे येईना, तेव्हा गयाबाई आली. साठीची, वजन चाळीस. दत्ता लाजून म्हणाला, "मावशे, सरक, लागंल तुला." गयाबाईनं पदर खोचला. "मला काय ढकलतूस? चाळीस वर्सं डोईवर दोन घागरी घिऊन उतार उतरले मी. तू ढकल." दत्तानं ढकललं. गयाबाई कमरेतून एवढीशी फिरली आणि ऐंशी किलो पत्र्यावर पालथे पडले. नाना टाळ्या पिटत नाचले, आणि लगेच भानावर येऊन म्हणाले, "पंचानं नाचायचं न्हाई. कलम नऊ."

सव्वा महिना हे चाललं. कधी गाव, कधी वाडी. एकही डोकं फुटलं नाही.

मग तो दिवस आला. माझ्या थोरल्या मुलीला, सुनंदाला, बघायला चौसाळ्याहून पाहुणे येणार होते. आमचं घर गावात, आणि घरात दीड घागर पाणी. बायको सकाळी एवढंच म्हणाली, "पाय धुवायला पानी न्हाई म्हनून सांगायचं का त्यान्ला?" फाट्यावर आलो तर गयाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. वाडीकडून कुणी तयार नाही. नानांचं घर वाडीतलं. ते म्हणाले, "मी उभा ऱ्हातो. मुख्य पंच आज तू."

समोर दत्ता. हात तीन वेळा फिरले. मी 'हं' म्हणालो. दत्ता रेटत होता आणि नाना बाजरीच्या कणसासारखे झुकत होते, पण पावलं पत्र्याला चिकटलेली. दत्ताला घाम फुटला. नानांनी कंबर किंचित वळवली. दत्ताची टाच सुटू लागली. ते मला स्पष्ट दिसलं, कारण मी फक्त त्यांच्या पायांकडेच बघत होतो. आणि मी रुमाल वर केला.

"पाय हालला. नानांचा."

वाडीची माणसं ओरडत पुढे आली. नानांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. आपलंच जनावर अनोळखी वागावं आणि माणसानं त्याच्याकडे बघावं, तसं. मग हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "कलम अकरा. पंच म्हनंल त्ये खरं. टँकर गावाकडं."

पाहुण्यांनी पाय धुतले. चहा झाला. लग्नही जमलं. पोरगी चौसाळ्यात सुखात आहे. मी केलेलं फळलं, आणि त्यामुळे मला ते कधी टाकून देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नानांनी वही माझ्या हातात दिली. "ज्याला सोताचा पाय कळत न्हाई, त्यानं दुसऱ्याचा बघू न्हाई." मी वही घेतली. तिथेच तोंड उघडायला हवं होतं. नाना नाहीत म्हटल्यावर खेळ मोडला. टँकरला एक दिवसाआड पाळी लागली. वाडीत लोक म्हणू लागले, म्हातारा थकला. कुणी भेटलं की नाना आता मनगट पुढे करत नसत. लांबूनच दोन्ही हात जोडून रामराम घालायचे. सगळे घालतात तसाच. मला मात्र तो बघवत नसे.

किती वेळा सांगायला गेलो! काट्यावर बसायचो, दोन चहा प्यायचो, सरकीच्या पेंडीवर बोलायचो आणि परत यायचो.

पुढच्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी दुधाचे कॅन गाडीत चढवायला फाट्यावर गेलो. खोली उघडी होती, नाना दिसेनात. मागे गेलो. नाना लोखंडी खांबासमोर पाय रोवून उभे होते. मनगट खांबाला टेकवलेलं, आणि अंगातलं सगळं वजन घालून ते खांबाला रेटत होते. दोन्ही पावलांभोवती चुन्याची बारीक रेघ आखलेली. थोडा वेळ रेटलं की ते थांबत, गुडघ्यांवर हात ठेवून वाकत, आणि रेघ कुठे मोडली का ते बघत.

माझी चाहूल त्यांना लागली. मान न वळवता म्हणाले, "सचिव, बघ बरं मोडली का. माझी नजर आता धड न्हाई."

मी वाकून पाहिलं. "न्हाई मोडली, नाना."

"कालबी न्हाई मोडली. वर्सभर न्हाई मोडली." ते माझ्याकडे वळले. "मंग त्या दिवशीच कावून हालला आसंल रं?"

मी तिथेच खाली बसलो आणि सगळं सांगितलं. दीड घागर, पाहुणे, दत्ताची टाच, रुमाल. वर बघायचं धाडस झालं नाही. समोर त्यांची पावलं होती, चुन्याच्या रेघेच्या आत.

नानांनी रेघेतून पाय बाहेर काढले. मग म्हणाले, "पंच खोटं बोलला तर काय, ह्ये कलमच न्हाई वहीत. मास्तरला सुचलंच न्हाई." ते माझ्याकडे वाकले. "पाहुणे हुते व्हय त्या दिवशी? येड्या, आदी सांगायचं की. मी सोता पाय उचलला आसता."

मी उठून उभा राहिलो.

"चल," ते म्हणाले, "काट्यावर चल."

आम्ही पत्र्यावर समोरासमोर उभे राहिलो. खोलीच्या खिडकीत तांबडे आकडे उमटले. मी साठ, नाना साठ. तिथे एकशेवीस यायला हवे होते. शंभर दिसत होते. वर्षभरात नाना चाळीसांत गेले होते, आणि ते मला काट्यानं सांगितलं.

नानांनी उजवं मनगट पुढे केलं. मी माझं टेकवलं. हाडाला हाड लागलं, पण ऊब होती. त्यांनी डोळे अर्धे मिटले.

"आता परत सांग," ते म्हणाले. "हात लागला आसल्यावर मानसाला खोटं जमत न्हाई. वजनात कळतंय."

मी त्यांचा हात धरला नाही, सोडलाही नाही.

"नाना, तुमचा पाय हालला न्हवता. मी खोटा रुमाल वर केला, आन् वर्सभर गप ऱ्हायलो. माझं चुकलं. मला माफ करा."