टोपीखालचे वॉशर

डॉक्टरीणबाईंच्या मांडीवरचा केक खोक्यातल्या खोक्यात कालवला गेला, तेव्हा विमान जेमतेम झाडांच्या वर आलं होतं. खिडक्या खडखडत होत्या, बाईंचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि शेजारी बसलेले डॉक्टर दातओठ खात होते. डॉक्टर दातांचे होते, विमान त्यांच्या स्वतःच्या मालकीचं होतं आणि त्याचा प्रोपेलर परवाच ओव्हरहॉल होऊन नव्यासारखा चकचकीत परत आला होता.

"वळवा परत," बाई म्हणाल्या.

"वळवतोच! त्या मिस्त्रीला आज सोडत नाही!"

विमान घ्यायला बाईंनी होकार दिला होता तो एकाच कारणासाठी. त्यांची आई डोंगरापलीकडे राहायची आणि रस्त्यानं वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. आज आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. बाईंनी खाली उतरल्या उतरल्या फोन लावला. "उद्या या. मेणबत्त्या उद्यापर्यंत टिकतील. माझं काय सांगता येत नाही," आई म्हणाली. बाईंना अगदी भरून आलं, आणि मग रागही आला.

तिकडे हँगरमध्ये डॉक्टरांनी मिस्त्रीला उभाआडवा घेतला होता.

"परवा मी थरथर मोजायचा मीटर लावून बॅलन्स केलं होतं, डॉक्टर. काटा जागचा हलत नव्हता."

"मग आज काय भूत शिरलं त्याच्यात?"

मिस्त्रीनं प्रोपेलरच्या मध्यावरची टोकदार टोपी काढली आणि आत बघतच राहिला. बॅलन्स साधायला त्यानं एका बाजूच्या स्क्रूखाली तीन वॉशर घातले होते. आता तिथे सहा होते, तीन इकडे आणि तीन समोरच्या बाजूला. आपणच घालून विसरलो की काय? पण हे तोंडानं कबूल केलं तर डॉक्टर भूल न देताच दात उपटतील, म्हणून तो गप्प बसला. त्यानं पुन्हा मीटर लावला, इंजिन चालवून बघितलं, पहिल्या बाजूला आणखी तीन वॉशर चढवले आणि काटा शांत केला.

"आता कप भरून चहा ठेवा पुढे. थेंब सांडला तर धंदा सोडीन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा नव्हता, नवा केक होता. त्याचाही झाडांच्या उंचीवरच लगदा झाला.

या वेळी मिस्त्रीनं टोपी काढली आणि तो ओरडलाच. "बारा! अहो, पिल्लं घालतायत का हे वॉशर?"

"मीच लावले," डॉक्टर म्हणाले, आणि ते असं, की कुणी हार घालायलाच पुढे येणार आहे. "दोन्ही वेळा टोपी पुसायला काढली, तर आत हा गबाळा कारभार! एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. बरोबरी करून टाकली. तुमची अब्रू जाऊ नये म्हणून बोललो नव्हतो."

"अहो, एक बाजू हलकी पडत होती म्हणून तर तिथे वजन दिलं होतं! तुम्ही समोर तेवढंच घातलंत. मग माझं बॅलन्स राहिलं कुठे?"

"मग ओव्हरहॉल करून केलंत काय? मी कवळी बसवताना एका गालात खडा ठेवून पाठवतो का पेशंटला? माझ्या विमानात हा तिरपागडेपणा चालायचा नाही. पुन्हा लावाल, पुन्हा सारखं करीन!"

"मग उडवा तुम्ही आणि तुमचे वॉशर!" मिस्त्रीनं पाना आपटला.

दोघांचेही चेहरे लालबुंद झाले होते. बाई दोन्ही हातांत केकचं खोकं धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या मनात आलं, की ते सरळ कुणाच्या तरी डोक्यावर उपडं करावं. भांडतायत हे, आणि तिकडे म्हातारी मेणबत्त्या मांडून वाट बघतेय.

"अहो," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "नवा केक घेऊन या. गोल बघून आणा. चारी बाजूंनी सारखा."

हे डॉक्टरांना पटलं. ते गेले.

बाई मिस्त्रीकडे वळल्या. "आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कुंडी आहे. डावीकडे ऊन येत नाही, झाड जगेना. एकच कुंडी ठेवायची म्हटलं, तर यांनी जेवण सोडलं."

"मग?"

"डावीकडचं झाड प्लास्टिकचं आहे. हे रोज दोन्ही झाडांना पाणी घालतात."

मिस्त्रीनं आपटलेला पाना उचलला. मग म्हणाला, "ॲल्युमिनियमचे वॉशर आहेत माझ्याकडे, वहिनी. फुंकर मारली तर उडतील असे."

डॉक्टर परतले, तेव्हा मीटर लावून सगळं जमवून झालं होतं. एका बाजूला जड वॉशर, समोर मोजून तेवढेच, पण हलके, आणि रंग सगळ्यांना एकच. डॉक्टरांनी टोपीखाली डोकं घालून मोजणी केली. "हं! आता कसं माणसात आल्यासारखं दिसतंय. हेच दोन दिवस घसा फोडून सांगत होतो."

मिस्त्रीच्या तोंडात काहीतरी आलं होतं. बाईंनी डोळे वटारले, तसं त्यानं ते गिळलं.

केक डोंगर ओलांडून गेला आणि त्यावरची साखरेची फुलंसुद्धा हलली नाहीत. आईनं एका दमात मेणबत्त्या विझवल्या. लेकीला जवळ ओढून ती म्हणाली, "आलीस बाई एकदाची." बाईंचा दोन दिवसांचा सगळा राग तिथेच उतरला.

संध्याकाळी विमान लोण्यासारखं खाली उतरलं. मिस्त्री हँगरच्या दारात उभाच होता. बाईंनी त्याच्यासाठी राखून ठेवलेला केकचा तुकडा पुढे केला. "आईनं मुद्दाम पाठवलाय."

तो पहिला घास तोंडात टाकणार, एवढ्यात शेजारच्या विमानापाशी काहीतरी खणकन पडलं. पाठोपाठ डॉक्टरांचा संतापलेला आवाज हँगरभर घुमला.

"मिस्त्री! इकडे या आधी! याच्याही टोपीखाली सगळे वॉशर एकाच बाजूला!"