अवघड जागेला स्थगिती

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या अधीक्षकांना स्वतःलाच कमी दाबाने व खंडित पुरवठा होऊ लागला होता. नोकरीत अशा तक्रारींवर 'नोंद घेतली' एवढा शेरा मारून ते मोकळे होत. स्वतःच्या बाबतीतही त्यांनी वर्षभर नोंदच घेतली. शेवटी बायकोने हाताला धरून रुग्णालयात नेले.

"प्रोस्टेटचे बारीक तुकडे काढून तपासावे लागतील," रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बायॉप्सी. कॅन्सर आहे की नाही, ते त्याशिवाय कळणार नाही. उशीर करू नका."

अधीक्षक कॅन्सरला घाबरलेच, पण त्याहून जास्त घाबरले 'प्रोस्टेट' या पहिल्या शब्दाला.

"हे बघ," बाहेर आल्यावर त्यांनी बायकोला बजावले, "तो शब्द घरात काढायचा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, जागेचं काम आहे."

'अवघड जागा' म्हणणेही त्यांना सवंग वाटले, म्हणून 'अवघड' गाळण्यात आले.

दुसऱ्या दिवशी जावेचा फोन आला. बायको म्हणाली, "जागेचं काम निघालंय गं. दहाबारा तुकडे पाडणार आहेत म्हणे. जिवाला नुसता घोर लागलाय."

"आणि आम्हाला पत्ता नाही?"

"अगं, चारचौघांत सांगण्यासारखं आहे का ते!"

आता, दोघा भावांच्या नावावर वडिलांची एक रिकामी जागा होती. धाकट्या भावाने थेट वकील गाठला आणि सदर जागेचे तुकडे पाडण्यास न्यायालयाकडून तातडीची स्थगिती आणली.

घरी कुणी सापडेना, तेव्हा शेजाऱ्यांना विचारत बेलीफ रुग्णालयात पोचला. अधीक्षक गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडले होते. पाठ दाराकडे होती, आणि पाठीखालचेही.

"जागेचे तुकडे कोण पाडतंय?" बेलीफने गंभीरपणे विचारले.

"मी," सुई हातात धरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बेलीफने आदेश बजावला. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी तो दोनदा वाचला. "आदेश म्हणजे आदेश. वाद मिटेपर्यंत जागेला हात लावता येणार नाही." खुलासा करायला अधीक्षकांना एक शब्द पुरला असता, पण खोलीत दोन परिचारिका होत्या. अधीक्षकांनी मुकाट्याने विजार वर घेतली.

मग तारखांवर तारखा पडल्या. एकदाची सुनावणी लागली.

"जागेच्या चतुःसीमा सांगा," न्यायाधीश म्हणाले.

अधीक्षक खाकरले. "वरच्या अंगाला... पाण्याची टाकी."

"खाली?"

"निचऱ्याची वाट."

"आणि मागे?"

अधीक्षकांना दरदरून घाम फुटला. "मागे... गटार आहे, साहेब."

"साफ खोटं!" धाकटा भाऊ ओरडला. "आमच्या जागेमागे शाळा आहे!"

तेव्हा बायको ताडकन उठली. "प्रोस्टेट आहे हो ते, प्रोस्टेट! माझ्या माणसाला कॅन्सर आहे की नाही ते बघायचंय, आणि हे इथे गटाराच्या हद्दी सांगत बसलेत! रात्र-रात्र झोप नाही मला. भीती वाटते हो!"

धाकट्या भावाची मान खाली गेली. "दादा, मला काय माहीत..." एवढेच तो म्हणाला. स्थगिती उठली आणि त्याच आठवड्यात बायॉप्सी झाली.

"कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी आला असतात तर तो हद्दीच्या आत सापडला असता. आता बाहेर थोडं अतिक्रमण झालंय. उपचार आहेत, पण लांबतील. आणि खात्री मी देणार नाही."

अधीक्षकांनी 'नोंद घेतली' असे म्हणायला तोंड उघडले, पण हुंदकाच बाहेर आला. बायकोने त्यांचा हात घट्ट धरला.

बातमी पसरल्यावर आधी वकील, मग बेलीफ, मग रुग्णालयाचे खुद्द व्यवस्थापक, एकेकटे येऊन अधीक्षकांच्या कानाशी लागले. डॉक्टरीणबाईंची वेळ घ्यायची होती. स्वतःसाठी नव्हे, एका मित्रासाठी.

वाचकांनाही मित्र असतीलच. त्यांच्यासाठी जरूर वेळ घ्यावी. फक्त मित्राचे वय विचारले, तर स्वतःचे सांगावे.