बी.ए.ला बसलेले मेस्त्रीकाका

आमच्या इमारतीत मेस्त्रीकाका कुणालाही नावाने हाक मारत नाहीत. नावं ठाऊक असतील, पण ती त्यांना बिनकामाची वाटतात. माणूस काय शिकलाय एवढं कळलं की ओळख पुरी.

मी कित्येक वर्षं त्यांच्या समोरच्या दारात राहतो. त्यांच्या लेखी मी 'कॉमर्स'. "काय कॉमर्स, आज ठाण्याच्या ऑफिसला दांडी?" माझी बायको 'होम सायन्स'. तळमजल्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर 'साबुदाणा'. सोसायटीच्या सेक्रेटरी देसाईबाई एम.ए. मराठी, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्या 'अलंकार'. पूर्ण नावाचा मान फक्त पाचव्या मजल्यावरच्या अनिरुद्धला, कारण तो मेकॅनिकल इंजिनिअर. अनिरुद्ध नोकरी सोडून हल्ली घरी केक करून विकतो. त्याचा केक आतून कच्चा निघाला तरी काका म्हणतात, "चव सोडा. बांधणी बघा."

काका स्वतः केमिकल इंजिनिअर. डोंबिवलीतच एमआयडीसीतल्या एका कंपनीतून प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून रिटायर झाले, पण नाक अजून नोकरीत आहे. संध्याकाळी गॅलरीत उभं राहून दीर्घ श्वास घेतात आणि खालच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "आज अमोनिया." आम्ही खिडक्या लावून घेतो.

निकालांच्या दिवसांत त्यांच्या दारावरून पेढे घेऊन जायची कुणाची हिंमत नसे. "सत्त्याऐंशी टक्के? कशात? आर्ट्स? म्हणजे आपले पन्नास धरू." दुकानदाराने जुन्या टीव्हीची किंमत कापावी तसे ते मार्क कापत. बी.कॉम.चे थोडे कमी कापत. त्यात निदान आकडे असतात म्हणून. मास मीडिया शिकलेल्या एका मुलीला त्यांनी सरळ विचारलेलं, "यात नापास कसं होतात, तेवढं सांग." ती पोरगी बिचारी विचारात पडली.

"ज्या डिग्रीला प्रॅक्टिकल नाही ती डिग्री नव्हे, ते मासिक," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं आवडतं वाक्य, "आम्ही ॲसिडने हात भाजून पास झालो. यांचं काय भाजतं?"

यावर एकदा देसाईबाई म्हणाल्या होत्या, "डोकं."

काकांच्या या खुळामागे कल्याणजवळचं मोहने गाव होतं. त्यांचं बालपण तिथल्या कामगारांच्या वस्तीत गेलं. वडील कारखान्यात मशीनवर. काका इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना वडिलांचं काम सुटलं आणि घर यांच्या पहिल्या पगारावर उभं राहिलं. वस्तीत इंजिनिअर झालेला हा पहिलाच मुलगा. बाकीच्या मित्रांतला एक कविता करायचा, तो पुढे फिनेल विकायला लागला. काका तेव्हापासून कवितेकडे फिनेलच्या दिशेने बघतात.

अशा माणसाच्या घरात रेवती जन्मली. त्यांची एकुलती एक मुलगी. बारावी सायन्सला भरपूर मार्क, आणि तिने प्रवेश घेतला बी.ए.ला. समाजशास्त्रात. काकांनी घरात किती आरडाओरडा केला ते मला ठाऊक नाही, पण बाहेर ते विचारणाऱ्याला सांगत, "समाजशास्त्र म्हणजे शेजारी काय करतात त्याचा अभ्यास. आमच्या आईने फुकटात केलेला."

रेवती एम.ए.ला पहिली आली. पेढ्यांचा बॉक्स घेऊन सगळ्यांच्या दारात फिरून शेवटी स्वतःच्या घरी गेली, तेव्हा काका दारातच उभे होते. आम्हा दोघांतिघांच्या देखत म्हणाले, "आर्ट्समध्ये पहिलं येणं म्हणजे सरकत्या जिन्यावर पहिलं येणं. जिना चढतच असतो, तुम्ही फक्त उभं राहायचं."

आम्ही हसलो. रेवतीनेही हसल्यासारखं केलं, बॉक्स चपलांच्या रॅकवर ठेवला आणि आत गेली. पुढे तिला नागपूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली, तिथेच लग्न केलं, तिथलीच झाली. फोन करायची तो आईला. काकू स्पीकर लावायच्या आणि काका पेपरामागून ऐकायचे. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर फोन येत राहिले ते सणासुदीला. बोलणं दोन्हीकडून हवामान खात्यासारखं. इकडे उकडतंय, तिकडे जास्त उकडतंय.

तर अशातच सोसायटीची मीटिंग झाली. विषय गच्चीच्या गळतीचा. देसाईबाईंनी नोटीस जरा सविस्तर लिहिली होती. काका उभे राहून म्हणाले, "अलंकार, पाणी कुठून गळतंय ते एका ओळीत लिहा ना. तुम्ही आर्ट्सवाले पाण्याचं वर्णन करत बसता."

देसाईबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चाळीस वर्षं वर्ग शांत केलेली बाई ती. "मेस्त्री," त्या म्हणाल्या, "एवढं सोपं आहे ना सगळं? मग एकदा बी.ए. होऊन दाखवा."

"पंधरा दिवसांत होतो."

"पंधरा दिवसांत फॉर्म तरी भरून दाखवा."

फॉर्म मी भरला. मुक्त विद्यापीठाचा, ऑनलाइन, केंद्र कल्याणचं. विषयांची यादी आली तेव्हा मला वाटलं काका इतिहास किंवा अर्थशास्त्र घेतील. त्यांनी यादी पूर्ण वाचलीसुद्धा नाही. समाजशास्त्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे टाक. सगळ्यांत हलकं हेच." पहिल्या वर्षाला हा विषय घेऊन काका घरी गेले आणि त्यांनी पुस्तकं आणली. वाचली नाहीत. "कॉमन सेन्स आहे सगळा," म्हणाले.

निकाल लागला. बाकीच्या विषयांत काठावर पास, समाजशास्त्रात नापास.

इमारतीत त्या दिवशी गणपती आल्यासारखं वातावरण होतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देसाईबाईंनी फक्त एक पूर्णविराम टाकला. मराठीच्या माणसाला विरामचिन्हांची ताकद ठाऊक असते.

काकांनी चूक तपासणाऱ्याची आहे असं ठरवून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि ती घेऊन माझ्याकडे आले. "वाच, आणि सांग यात चूक काय आहे."

मी वाचलं. प्रश्न होता संयुक्त कुटुंबे का कमी झाली. उत्तर : एक, जागा कमी. दोन, माणसे जास्त. तीन, संयम कमी. त्याखाली पट्टीने आखलेली आकृती. एका टाकीत आजी, आजोबा, काका, काकू. टाकीला खाली एक नळ. नळातून बाहेर पडणारी सून. बाणावर लिहिलेलं, 'दाब वाढल्यास'.

पुढचा प्रश्न सामाजिक उच्चनीचतेचा. काकांनी चक्क आमच्या इमारतीचं उदाहरण दिलं होतं. सर्वांत वर अभियंते, खाली विज्ञान, त्याखाली वाणिज्य, तळाला कला. तपासणाऱ्याने समासात लाल शाईने विचारलं होतं, 'हे लेखकाचे मत की उपहास?'

"उपहास कसला? फॅक्ट आहे," काका म्हणाले. मी तिसऱ्या थरात बसलो होतो, म्हणून गप्प राहिलो.

मग त्यांनी उत्तरपत्रिकेची घडी घातली, पुन्हा उलगडली. शेवटी म्हणाले, "रेवतीला लाव जरा."

"माझ्या फोनवरून?"

"माझ्यावरून गेला तर घाबरेल. सण नाही, काही नाही, बापाचा फोन. म्हणेल काहीतरी झालं."

मी फोन लावला, काका समोर आहेत सांगितलं आणि स्पीकर चालू केला. काकांनी घसा खाकरला. "अगं, तुझ्या त्या विषयात मी आपटलो."

"कुठल्या विषयात?"

"समाजशास्त्रात. बी.ए. पहिलं वर्ष. नापास झालो."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग रेवतीने विचारलं, "बाबा, तुम्ही उत्तरात लिहिलंत काय?"

काकांनी वाचून दाखवायला सुरुवात केली. जागा कमी, माणसे जास्त. टाकीपाशी पोचल्यावर पलीकडून हुंदक्यासारखा आवाज आला आणि काका एकदम थांबले. तो हुंदका नव्हता. रेवती हसत होती. श्वास लागेपर्यंत हसली. "आणि सून नळातून?" तिने विचारलं, आणि पुन्हा फुटली. काका माझ्याकडे बघत होते, ओशाळलेले, पण चेहरा उजळलेला. मुलीला हसवलेलं त्यांना कधीचं आठवत नसावं.

"रविवारी सकाळी मोकळे असता?" ती म्हणाली. "शिकवते मी."

तिथून दर रविवारी सकाळी त्यांच्या घरात व्हिडिओ कॉलवर वर्ग भरायला लागला. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसत. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "बाबा, कारण सांगा, निकाल नको." "बाबा, पॉइंट नकोत, वाक्यं लिहा." "अगं पण वाक्यात पाल्हाळ होतो!" "होऊ दे. माणसं पाल्हाळीकच असतात." मधेच विषय सुटायचा. काकूंच्या हातची आमटी, मोहन्याची वस्ती, तिथल्या बायका दुपारी ओट्यावर बसून काय बोलायच्या. रेवती म्हणायची, "हे लिहून काढा बाबा, हेच समाजशास्त्र आहे." एकदा काकांचा आवाज आला, "त्या पेढ्यांच्या वेळी मी जे बोललो..." आणि तिचा, "पान उलटा बाबा, पुढचा मुद्दा घेऊ." पण ते तिने हळू म्हटलं होतं.

आम्हाला वाटलं काका आता सुधारतील. ते उलट्या बाजूने बिघडले. पाण्याचा टँकर आला की रांगेत उभ्या असलेल्यांना विचारत सुटले, "तुमच्या घरात पाणी भरायचं काम कुणाचं? आणि ते कुणी ठरवलं?" दोन घरांत त्यावरून भांडणं झाली. देसाईबाईंनी मेंटेनन्सची आठवण करून दिली तर म्हणाले, "ही तुमची भूमिका बोलतेय, तुम्ही नाही. मी राग मानत नाही." माझी बायको आमच्या धाकट्याला गणितावरून रागावली, तेव्हा दारात येऊन तिला 'अपेक्षांचा दबाव' समजावून गेले. आणि कहर म्हणजे एक दिवस अनिरुद्धला म्हणाले, "इंजिनिअरिंग सोपं रे. तिथं उत्तर तरी असतं. इथं प्रश्न कुठला आहे तेच आधी शोधावं लागतं." अनिरुद्ध हातातल्या केकसकट जिन्यात उभा राहिला. इमारतीतला त्याचा एकमेव आधार गेला होता.

पुन्हा परीक्षा आली. मी सुट्टी काढून काकांना स्कूटरवरून कल्याणच्या केंद्रावर सोडलं आणि समोरच्या टपरीवर बसलो. अर्धा वेळ झाल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. अर्धा वेळ झाला आणि काका बाहेर आले.

"बरं वाटत नाहीये का?" मी घाबरून विचारलं.

"ठणठणीत आहे. चहा सांग."

"काय आलेलं?"

"कुटुंबाची बदलती कार्ये." चहा येईपर्यंत ते रस्त्याकडे बघत होते. मग बोलायला लागले. "पूर्वी बघ, सगळं घरातच व्हायचं. कमाई, शिक्षण, आजारपण, म्हातारपण. एकेक काम बाहेर गेलं. शिक्षण शाळेत गेलं, आजारपण हॉस्पिटलात, कमाई कंपनीत. लोक म्हणतात घरात आता काही उरलं नाही. चूक. उरलंय. संध्याकाळी कुणीतरी विचारतं, जेवलास का. ते काम अजून कुणाला बाहेर देता आलेलं नाही."

टपरीवाला किटली हातात धरून ऐकत होता.

"काका, हे लिहिलंत ना?"

"सुरुवात केलेली. दोन पानं झाली. मग रेघ मारली."

"का?"

त्यांनी चहा ढवळला. त्यात ढवळण्यासारखं काही नव्हतं. "गेल्या रविवारी ती म्हणाली, बाबा, आता तुम्ही तयार झालात, आता माझी गरज नाही. खूश होती." त्यांनी कप खाली ठेवला. "पुढच्या वर्षी हा विषय नाही रे. इतिहास आहे. इतिहास तिला येत नाही."

मी त्यांच्यासाठी आणखी एक चहा सांगितला. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. काकांना ऐकायला कमी येतं, म्हणून स्पीकर कायम चालू असतो.

"बाबा, सहज लावून बघितला. बाहेर आलात? इतक्या लवकर?"

"झाला पेपर. अवघड होता गं."

"काय होतं?"

काकांनी प्रश्न सांगितला.  एक रिक्षा आमच्या पायांवरून जावी तशी हॉर्न मारत गेली.

"बाबा," रेवती म्हणाली, "हे तर तुम्ही मला परवा न अडखळता सांगितलंत."

"आयत्या वेळी सुचलं नाही."

 शिकवणारी बाई ती. विद्यार्थ्याला काय येतं आणि काय येत नाही हे तिला कळत नसेल असं मला वाटत नाही.

"बरं," ती म्हणाली. आवाज जरा ओला होता. "मग या रविवारी पहिल्या प्रकरणापासून सुरू करू. सावकाश करू. घाई नाही काही."

"नाही ना, घाई कसली," काका म्हणाले.

परत येताना ते स्कूटरवर माझ्या मागे बसून काहीतरी पुटपुटत होते. पत्रीपुलावर वाऱ्यात नीट ऐकू येईना. पुढे ट्रॅफिकमध्ये थांबलो तेव्हा शब्द कळले. सगळं पहिलं प्रकरण ओळीने म्हणत होते. मधेच थांबायचे, एखादं वाक्य गाळायचे आणि पुढे जायचे. रविवारी काय काय विसरायचं, ते ठरवत होते.