आठवड्याची पत्रं रविवारीच

रोज एक पत्र लिहायचं, असं मी ठरवलं. त्याने लेखणीला वळण लागतं असं कुठेतरी वाचलं होतं, आणि फायलींवर 'सादर' लिहून लिहून माझ्या लेखणीला पोक आलं होतं. रोज माझं पत्र सहन करील असं माणूस एकच, आई. ती दूर, एकटी राहते. (दोन वर्षांत मी तिकडे फिरकलो नव्हतो. सवड नव्हती, असं आपलं म्हणायचं.)

पहिला महिना झकास गेला. उत्तर येत नसे, पण आई वाचण्यातच रमली असेल, असं मी धरून चाललो. मग विषय संपले. कारकुनाच्या आयुष्यात रोज घडून घडून घडणार काय? तेव्हा मी शक्कल लढवली. रविवारी एका बैठकीत सात पत्रं लिहायची आणि ऑफिसच्या शिपायाने रोज एक पेटीत टाकायचं.

बायकोने त्यातलं एक उचलून वाचलं.

"आज रविवार. गुरुवारी तुम्हाला पडसं झालंय?"

"होईल."

"आणि शुक्रवारी बरंही वाटतंय?"

"उगाच आईला काळजी नको."

"धन्य आहे!" (माझ्या लेखनाबद्दल ती एवढंच बोलते.)

गुरुवारी आईच्या शेजारणीचा ऑफिसात फोन आला. सोमवारी आई जिन्यावरून पडली होती, पाय प्लॅस्टरमध्ये होता. "तुम्हाला कळवू नका म्हणाल्या, पण मला राहवेना हो."

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. कारण मंगळवारी तिच्या हाती पडलेल्या पत्रात मी लिहिलं होतं, 'रोज फिरायला जात जा.' बुधवारच्यात, 'जिना दिवसातून दोनदा चढ.' आणि आजच्यात, काहीच सुचेना म्हणून, 'एका पायावर उभी राहून बघ, तोल सुधारतो.'

शुक्रवारी पहाटेची गाडी पकडली. वाटेत माफीची चांगली चार वाक्यं जुळवली. आई खाटेवर होती, पाय उशीवर. तिला पाहिलं आणि चारही वाक्यं पळाली.

"आई, अगं, ती पत्रं..."

"ये. लिहिल्याप्रमाणे आलास हो!"

"मी लिहिलं?"

"कालच नाही का? 'पाय फार दुखतो का, मी निघालोच.' रडू आलं बघ मला."

"तू स्वतः वाचलंस?"

"मला कुठे दिसतंय आता? वर्ष झालं. पोस्टमन वाचून दाखवतात."

वर्ष! मला पत्ताच नव्हता. खरंच सांगतो, फार लाज वाटली. रोज पत्र पाठवण्यापेक्षा एकदा येऊन तिच्याकडे नीट पाहिलं असतं, तर कळलं असतं.

तेवढ्यात पोस्टमन आलाच. त्याने पाकीट फोडलं, कागदावर नजर टाकली, माझ्याकडे पाहिलं आणि घसा खाकरून वाचू लागला, "आई, इतके दिवस आलो नाही, चुकलंच माझं. आता तू चालायला लागेपर्यंत मी हलत नाही."

मी मान लांब करून पाहिलं. कागदावर फक्त माझं पडसं होतं.

आईने पदराने डोळे पुसले. आता आपणही काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

"बघा ना," आई पोस्टमनला म्हणाली, "लिहितो किती मायेनं! आणि समोर आला की नुसता ठोंब्या."