सहाव्या महिन्याचा माणूस

कुलथेसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी बादल्या बघतात. "जरा हात धुऊन येतो" म्हणून न्हाणीघरात शिरतात आणि पाच मिनिटं बाहेर येत नाहीत. आतून टकटक ऐकू येते. मग गंभीर चेहऱ्याने घरच्या बाईंना सांगतात, "निळी अजून टिकेल. लाल मात्र आतून गेलीय. तिच्यात कढत पाणी घेऊ नका." आमच्या हिला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती घाबरलीच. लाल बादली दिवाळीच्या आंघोळीला तळातून फुटली, हे मी नाइलाजाने नमूद करतो.

मी अंबडच्या एका सिरिंजच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. कुलथेसाहेब तिथेच तपासणी विभागाचे प्रमुख. राहायला पंचवटीत, घराणं सोनारांचं. "वडील सोनं घासून बघायचे, मी प्लॅस्टिक वाकवून बघतो. धंदा तोच," असं म्हणतात. कॅन्टीनची खुर्ची बसण्याआधी उलटी करून तिचे पाय दाबतात. पेनाचं टोपण कानाशी नेऊन मोडतात. पेन बहुतेक वेळा माझं असतं.

त्यांचं खरं वैर मात्र किरणांशी. सिरिंज खोक्यात बंद झाली की जंतू मारायला तिच्यावर गॅमा किरण सोडतात. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून लासलगावला देतात त्याच जातीचे, फक्त कितीतरी जास्त. जंतू मरतात, पण प्लॅस्टिकलाही मार बसतो, आणि तो त्या दिवशी दिसत नाही. सिरिंज स्वच्छ, मजबूत, एकदम खुशीत. आत पडझड चालूच राहते आणि काही महिन्यांनी ती पिवळी पडून कटकन मोडते. हे टाळायला दाण्यात, म्हणजे कच्च्या प्लॅस्टिकमध्ये, आधीच थोडं औषध मिसळावं लागतं. कुठलं आणि किती, यात कुलथेसाहेबांनी उभा जन्म घातलाय. "मार आज बसतो, दुखणं सहाव्या महिन्यात येतं," हे वाक्य ते दिवसातून चार वेळा म्हणतात. त्यातलं निदान दोनदा मला.

गेल्या वर्षी मी एक नवा दाणा शोधून आणला. स्वस्त, दिसायला देखणा. किरण देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्या चाचण्या पास. भट्टीत ठेवून त्याला घाईघाईने म्हातारं करून बघितलं, तेही पास. आमचे नवे साहेब सामंत खूश, मी तर हवेतच. कुलथेसाहेबांनी कागद परत सरकवला.

"मी सही करणार नाही. भट्टी लवकर बोलते, पण खरं बोलेलच असं नाही. सहा महिने थांबा. तोवर जुना दाणा चालू द्या."

"आणि सहा महिन्यांनी काही झालं नाही तर?" सामंतांनी विचारलं.

"तर माझा राजीनामा तुमच्या टेबलावर."

निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस हे बोलत होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, बरी खोड मोडेल.

किरण देऊन आलेल्या सिरिंजची दोन खोकी भरली. एकात माझ्या दाण्याच्या सिरिंज, दुसऱ्यात जुन्या दाण्याच्या, कुलथेसाहेबांनी स्वतः औषध ठरवलेल्या. पॅकिंगच्या तुकाराम बेंडकोळीने दोन्हींना पट्ट्या मारल्या, कपाटाची किल्ली सामंतांनी खिशात टाकली. पुढच्याच आठवड्यात तुकाराम गेला. छातीत कळ आली आणि संपलं. घोटीचा माणूस, पन्नाशीही गाठली नव्हती. दहाव्याला, तेराव्याला आम्ही कंपनीची बस भरून गेलो.

दर महिन्याला सामंतांसमोर एकेक सिरिंज काढून बघायची असं ठरलं होतं. पहिला महिना, काही नाही. दुसरा, तिसरा, चौथा, काही नाही. "साहेब, राजीनामा मराठीत लिहिणार की इंग्रजीत?" असं मी सगळ्यांसमोर विचारलं. ते म्हणाले, "घाई नको." पाचव्या महिन्यात माझी सिरिंज जरा पिवळसर दिसली. मी ट्यूबलाइट बदलायला लावली.

सहाव्या महिन्यात सगळ्यांसमोर दोन्ही खोकी टेबलावर ओतली. सामंतांनी माझी एक सिरिंज घेतली, बोटं तिच्या दोन कानांमागे ठेवली आणि अंगठ्याने दट्ट्या दाबला. कट्ट. एक कान उडून टेबलाखाली गेला. दुसरी घेतली, कट्ट. तिसरी तर हातात घेतानाच गेली. मग त्यांनी कुलथेसाहेबांची सिरिंज उचलली. कान वाकला आणि परत जागेवर आला. पुन्हा वाकवला, पुन्हा आला. सामंत कितीतरी वेळ तो कान वाकवत बसले. मग उठून उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. "साहेब, दाणा तुमचाच."

मोल्डिंगच्या लोकांनी कुलथेसाहेबांना खुर्चीसकट उचललं. "अरे, खुर्ची बघून उचला, डावा पाय कच्चा आहे," असं ते वरून ओरडत होते. कुणी ऐकत नव्हतं. मी हरलो होतो आणि सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवत होतो. त्या सिरिंज एखाद्या नर्सच्या हातात, ऐन गरजेला मोडल्या असत्या, आणि दाणा मी आणलेला होता.

सामंतांनी सगळ्यांसाठी श्रीखंड-पुरी सांगितली. कुलथेसाहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "गाडी आहे ना? मला घोटीला सोडता?"

तुकारामची बायको ओट्यावर तांदूळ पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं आणि ती कुलथेसाहेबांना म्हणाली, "तुम्ही म्हनले व्हते, सहा महिन्यांनी येईल. मला वाटलं, लोकं म्हनतात तसं म्हनले."

"सगळं ठीक ना, वहिनी?" मी विचारलं.

"ठीक हाय."

कुलथेसाहेब तिच्यासमोर जमिनीवर बसले. "झोप लागते का?"

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "नाय लागत. पयले लागायची, तवा घरात मानसं व्हती. आता लय जड जातं, भाऊ." आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. हाताला चैन नसलेला हा माणूस तासभर हात मांडीवर ठेवून बसला होता. रडून झाल्यावर ती तुकारामच्या गोष्टी सांगायला लागली. तो रोज पहाटे एक चप्पल शोधत कसा घरभर फिरायचा, हे सांगताना ती हसली. आम्हाला भात-आमटी वाढल्याशिवाय तिने सोडलं नाही.

परतताना मी म्हणालो, "तुम्हाला बरोबर कळलं, साहेब."

ते खिडकीबाहेर बघत होते. "आमची ही गेली तेव्हा तेरा दिवस घर भरलेलं होतं. सहाव्या महिन्यात मी एक अख्खा रविवार दार उघडं ठेवून बसलो. कुणी आलं नाही."

त्या तेरा दिवसांत मी त्यांच्याकडे रोज जात होतो. चौदाव्या दिवशी मी कामाला लागलो.